डिस्कवरची हद्द : युनिक्समधील स्वॅप आणि लेबलांचा पूर्वेतिहास

बेल प्रयोगशाळेतील पीडीपी-११/२० या संगणकावर १९७१ च्या सुमारास युनिक्स चालू लागले, तेव्हा त्याच्या २४ किलोबाइट मेमरीपैकी १६ किलोबाइट प्रणालीच व्यापून बसे आणि वापरकर्त्याच्या प्रोग्रामला जेमतेम ८ उरत. म्हणून एका प्रोग्रामची पाळी संपली की त्याचा मेमरीतील सगळा ऐवज डिस्कवर ठेवून दुसऱ्याचा आत आणला जाई. ही अदलाबदल म्हणजे स्वॅपिंग, आणि तिच्यासाठी राखलेली डिस्कवरची जागा म्हणजे स्वॅप.

ही जागा कोठे सुरू होते, हे मात्र खुद्द डिस्कवर नोंदलेले नसे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत आरके०५ डिस्कचे ४,८७२ ब्लॉक धरलेले होते, त्यांतील पहिले ४,००० फाइलींना आणि उरलेले ८७२ स्वॅपला. हे आकडे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, संरचनेत लिहिलेले असत. फाइलींची मांडणी चुकून ४,००० च्या पलीकडे गेली, तर कर्नल बेलाशक त्यांवर लिहीत असे.

१९७९ च्या अखेरीस बर्कलीत ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी व्हॅक्स संगणकावरील युनिक्सला आभासी मेमरी दिली; अख्खा प्रोग्राम नव्हे, तर त्याची लागतील तेवढीच पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, आत-बाहेर होऊ लागली. डिस्कच्या विभागांना, अर्थात पार्टिशनांना, अक्षरे मिळाली : ‘ए’ मूळ फाइलींचा, ‘बी’ स्वॅपचा, ‘सी’ संपूर्ण डिस्कचा. तरीही विभागांचे आकार कर्नलमधील ड्रायव्हरच्या तक्त्यातच राहिले, त्यामुळे नव्या घडणीच्या डिस्कसाठी कर्नल पुन्हा बांधणे भाग पडे. १९८८ च्या, बर्कलीच्याच ४.३ बीएसडी-टाहो आवृत्तीने डिस्क-लेबल आणले आणि वाटणीचा दस्तऐवज अखेर डिस्कवरच ठेवला. या इतिहासातील खरा पालट हाच मानावा लागतो.

लिनक्सने जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत डिस्कवर पाने टाकण्याची सोय केली. त्याच्या जुन्या स्वॅपमध्ये पहिल्याच पानाच्या शेवटी ‘स्वॅप-स्पेस’ ही इंग्रजीत दहा चिन्हांची खूण असे आणि त्या पानाच्या उरलेल्या भागातील प्रत्येक बिट एकेका पानाची नोंद ठेवी, त्यामुळे इंटेल संगणकांवर एका स्वॅपची मर्यादा सुमारे १२८ मेगाबाइटवर अडे. विस्तार खुंटला तो डिस्कच्या नव्हे, पहिल्या पानाच्या रचनेमुळे! नव्या रचनेने ही मर्यादा हटवली आणि शीर्षभागात लेबलाला, म्हणजे स्वॅपच्या नावाला, जागा केली. डिस्कची संख्या वाढताच उपकरणांची नावे सरकत असल्याने अशा लेबलाची गरजही होती.

विभागाचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकांचा गोंधळ मात्र वेगळाच होता. पीसीवर लिनक्स-स्वॅपचा षोडशमान क्रमांक ८२, आणि इंटेल संगणकांवरील सोलारिस या युनिक्स प्रणालीचाही तोच. त्यामुळे सोलारिसचा भरलेला विभाग स्वॅप समजून पुसला जाण्याचा धोका असे, आणि पुढे सोलारिसने आपला क्रमांक बदलून ‘बीएफ’ केला.