चोरट्या हवेचा शोध: घाटरस्त्याने रामघाटाकडे

पेट्रोल इंजिन आयडलवर चालते तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब तयार होतो. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूम गेज साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतो. हा फुकटचा जोर वाहन बनवणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकेका कामाला जुंपला: टाकीतले पेट्रोल वर ओढणे, काचेवरचे वायपर हलवणे, डिस्ट्रिब्यूटरमधली ठिणगी पुढेमागे करणे, ब्रेकच्या पायाला मदत करणे. प्रत्येक कामासाठी मॅनिफोल्डपासून एक नळी निघाली आणि प्रत्येक नळीबरोबर गळतीची एक जागा वाढली. ही गळती उलट्या दिशेची असते. बाहेर काहीच पडत नाही. बाहेरची हवा कार्बुरेटरला चुकवून आत शिरते. थेंब नाही, डाग नाही, फार तर बारीकसा सू-सू आवाज.

महाराष्ट्रातून उज्जैनच्या रामघाटाकडे निघालेल्या गाडीला ही गळती विशेष जाचते, ती वाटेमुळे. या वाटेवर मराठी माणसांचा राबता जुना आहे. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवेपर्यंत उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. नाशिक आणि उज्जैन या दोन्ही ठिकाणचे सिंहस्थ गुरू सिंह राशीत असताना भरतात. नाशिकचा पावसाळ्यात, रामघाटावरचा त्यानंतर चैत्र-वैशाखात. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्याहून पुढे बिजासन घाटाने सातपुडा ओलांडतो, खलघाटाला नर्मदा पार करतो आणि विंध्याचा चढ चढून माळव्याच्या पठारावर येतो. उतारावर ब्रेकची परीक्षा होते, चढावर ठिणगीच्या वेळेची. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटरवर आहे. तिथे हवेचाच दाब कमी, म्हणून निर्दोष इंजिनाचा गेजही मुंबईपेक्षा सुमारे दीड इंच खाली राहतो. हा हिशेब ज्याला ठाऊक नाही तो नसलेली गळती शोधत बसतो.

सुरुवातीची हत्यारे म्हणजे कान आणि जीभ. हिंदुस्तान मोटर्सच्या अॅम्बॅसडरमध्ये कार्बुरेटरपासून डिस्ट्रिब्यूटरकडे एक बारीक नळी जाई. मिस्त्री तिचे टोक काढून तोंडाने हवा ओढायचा आणि टोकाला जीभ लावून धरायचा. जीभ ओढलेली राहिली तर आतला पडदा शाबूत. सुटली तर पडदा फाटलेला किंवा नळी चिरलेली. बिनखर्चाची ही परीक्षा आजही चुकीची ठरलेली नाही. आवाज नेमका कुठून येतो ते पाहायला रबरी नळीचा तुकडा कानाला लावून दुसरे टोक सांध्यांवरून फिरवत. सांध्यावर पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडून इंजिनाचा वेग बदलतो का ते पाहण्याची रीतही सर्रास होती. गळतीतून ते आत ओढले गेले की आयडल क्षणभर बदलते. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट्रोल शिंपडण्यातला धोका वेगळा सांगायला नको. टायरच्या पंक्चरला चालणारे साबणाचे पाणी इथे निरुपयोगी, कारण फुगा यायला हवा बाहेर पडावी लागते.

गेजने या कामाला आकडा दिला. काटा खाली पण स्थिर असेल तर मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा नळी हवा घेते, नाहीतर टायमिंग मागे पडले आहे. ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलेला. मग एकेक फाटा चिमट्याने दाबायचा. ज्या फाट्याला काटा वर चढतो, त्याच फाट्यावर दोष. अडचण एवढीच की रस्त्याकडेच्या गॅरेजात गेजपेक्षा स्क्रू जवळचा. गळतीने मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळू लागले की आयडलचा स्क्रू पिळून पेट्रोल वाढवायचे आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चारचाकी पेट्रोल गाड्यांना आयडलवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा घातली, पण त्यातूनही ही गळती निसटत होती. पातळ मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड उलट घटतो, वाढतात ते न जळलेले हायड्रोकार्बन; आणि पीयूसी तपासणीत हायड्रोकार्बनची मोजणी २००४ मध्ये आली.

माळव्याच्या याच पठारावर, इंदूरजवळच्या पिथमपूरला, पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी १९८४ मध्ये भागीदारी करून कायनेटिक होंडा स्कूटर आणली. तिला हाताने फिरवायचा पेट्रोल कॉक नव्हता. इंजिन सुरू झाले की व्हॅक्यूमची नळी कॉकमधला पडदा उचले आणि पेट्रोल वाहू लागे. नळी चिरली की टाकी भरलेली असूनही गाडी बंद. पडदा फाटला की पेट्रोल त्याच नळीतून थेट इंजिनात आणि प्लग ओला. तपासणी पुन्हा तोंडानेच: नळी ओढली की पेट्रोल यावे, सोडली की थांबावे, आणि ओढताना त्याची चव जिभेवर येऊ नये.

डिझेलची गोष्ट वेगळी. त्यात थ्रॉटलची कोंडी नसल्याने मॅनिफोल्डमध्ये उपयोगी निर्वात तयार होत नाही. काही जुन्या डिझेलांत इंधनपंपाच्या गव्हर्नरसाठी मुद्दाम झडप बसवून तो तयार करत. तिथली नळी निखळली तर पंप पूर्ण डिझेल सोडायचा आणि इंजिन बेफाम सुटायचे. पुढे अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप आला. नाशिकला बनलेल्या महिंद्राच्या बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा बूस्टर पंपाच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि नंतरच्या कित्येक डिझेलांत टर्बोचा अॅक्च्युएटरही. म्हणून अशा गाडीचा पिकअप अचानक गेला तर टर्बो खोलण्याआधी बोटभर रबरी नळी पाहावी. पुष्कळदा खर्च तिथेच वाचतो. बूस्टरची परीक्षा ड्रायव्हरलाही जमते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचे. पॅडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो. घाट उतरण्यापूर्वी हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

१९९५ मध्ये महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० च्या सुमारास इंधन इंजेक्शन रुळले आणि स्क्रू पिळण्याची सोय संपली. आता संगणक ऑक्सिजन सेन्सर पाहून पेट्रोल वाढवतो आणि गळती काही काळ झाकून टाकतो. स्कॅनरवर मात्र ती उघडी पडते: आयडलला इंधनाची भर जास्त, वेग अडीच हजार फेऱ्यांवर नेला की ती नेहमीवर. चोरटी हवा तेवढीच राहते, पण एकूण हवेत तिचा वाटा घटतो. जागा शोधायला स्मोक मशीन आले. तेलाचा धूर अगदी हलक्या दाबाने बंद इंजिनात सोडतात आणि जिथून तो बाहेर येतो तिथे नळी बदलतात. गळतीची दिशा उलटवल्यामुळे ती डोळ्यांना दिसते.

२०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे या काळात झाला. माळव्यातल्या या उन्हात बॉनेटखालचे रबर लवकर कडक होऊन तडकते, आणि रामघाटापासून दूर अडवलेल्या गाड्या रांगेत तासन्‌तास आयडलवर उभ्या राहतात. गळती सर्वांत जास्त जाणवते ती आयडललाच. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. तोवर या वाटेवर विजेच्या मोटारी वाढलेल्या असतील. त्यांच्यात इंजिनच नाही. तरीही काहींच्या ब्रेकला विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप आणि त्याची नळी असते. तिथे पंप सारखा चालू-बंद होऊ लागला की गळती धरावी आणि हातपंपाने निर्वात करून काटा टिकतो का ते पाहावे. ज्यांच्यात ब्रेकचा जोरही विजेच्या मोटरनेच दिला जातो, त्यांना या तपासणीचे कारण उरत नाही.