आढ्यवात आणि चपटी

दारू का पितोस, असं शिरूर-दौंडकडच्या एखाद्या कष्टकऱ्याला विचारलं तर एक उत्तर हमखास मिळतं : अंग दुखतं म्हणून घेतो. दिवसभर ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवल्या किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोर उभं राहून काढलं, की रात्री चपटी लागतेच. सकाळी अंग पुन्हा दुखतं. ते कालच्या कामानं दुखतंय की कालच्या दारूनं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. पडला तरी त्यावर उतारा ठरलेला असतो, आणि तो बाटलीतलाच असतो.

खरं तर ‘अंग दुखतं’ या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळी दुखणी दडलेली असतात. एकाचा पायाचा अंगठा मध्यरात्री लाल होऊन सुजतो आणि चादर लागली तरी तो ओरडतो. दुसऱ्याचे तळवे रात्रभर जळतात, पायाला मुंग्या येतात. तिसऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात. चौथ्याला पस्तिशीतच मांडी घालून बसता येत नाही. ही दुखणी एकमेकांपासून वेगळी ओळखायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दुखण्याला कुठलं नाव मिळायचं, हे बऱ्याचदा दुखणं कुणाचं आहे यावर ठरलं.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय वातरक्तावर आहे. सुजलेले, लाल, ठणकणारे सांधे हे त्याचं वर्णन. कारणांच्या यादीत खारट-आंबट खाणं, कुळीथ, उडीद, दही यांच्या बरोबरीनं सुरा आणि आसवही आहेत. म्हणजे दारू आणि सांधे यांचा संबंध आपल्या वैद्यांना चांगलाच ठाऊक होता. सुश्रुतानं तर या रोगाची चाल उंदराच्या विषासारखी सांगितली आहे : पायापासून सुरू होतो आणि हळूहळू अंगभर पसरतो. निरीक्षण पक्कं आहे. पण चरकानं दिलेलं एक पर्यायी नाव बघा : आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. नाजूक शरीराच्या, चैनीनं खाणाऱ्या आणि बसून राहणाऱ्या माणसाचा हा रोग, असं ते नावच सांगतं.

तिकडे युरोपातही हेच. गाऊटला राजांचा रोग म्हणत. सतराव्या शतकातला इंग्लंडचा नामांकित डॉक्टर थॉमस सिडनहॅम स्वतः गाऊटनं बेजार होता. १६८३ साली त्यानं या रोगावर ग्रंथ लिहिला आणि हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना, मूर्खांपेक्षा शहाण्यांना जास्त मारतो असं म्हणून स्वतःचं समाधान करून घेतलं. आजारपणाचीही प्रतिष्ठा असते ती अशी.

रोगाचा खरा धागा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. १६७९ मध्ये लेव्हेनहूकनं गाऊटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ भिंगाखाली पाहिला तेव्हा त्याला सुयांसारखे स्फटिक दिसले. ते कशाचे, हे त्याला कळलं नाही. १७९७ मध्ये वॉलस्टननं त्या गाठीत युरिक अॅसिड असल्याचं दाखवलं. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडनं गाऊटच्या रोग्यांच्या रक्तातच ते वाढलेलं असल्याचं सिद्ध केलं. पुढे त्यानं वापरलेली पद्धत तर फारच साधी होती : रक्ताच्या पाण्यात थोडं आम्ल घालून एक दोरा सोडायचा आणि दोऱ्यावर खडीसाखरेसारखे स्फटिक धरतात का ते बघायचं. सांध्यातल्या पाण्यात हेच स्फटिक असतात हे अमेरिकेतल्या मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवलं आणि तेव्हापासून निदानाचा खात्रीचा पुरावा तोच राहिला.

यात दारू दोन बाजूंनी काम करते. यकृतात दारू मोडताना युरिक अॅसिड जास्त तयार होतं आणि त्याच वेळी रक्तात वाढलेल्या लॅक्टेटमुळे मूत्रपिंडं ते बाहेर टाकण्यात मागे पडतात. थंड जागी स्फटिक लवकर धरतात आणि शरीरात पायाची बोटं सगळ्यात थंड. म्हणून दणका अंगठ्याला बसतो आणि तोही बहुधा रात्री. बिअरमध्ये तर प्युरिनही असतं, म्हणजे युरिक अॅसिडचा कच्चा मालच. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर बारा वर्षं चाललेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. रोजच्या प्रत्येक बिअरमागे गाऊटचा धोका ४९ टक्क्यांनी वाढत होता, कडक दारूच्या प्रत्येक पेगमागे १५ टक्क्यांनी, वाइननं मात्र फारसा नाही. दौंड तालुक्यातल्या रोटी गावात द्राक्षांची वायनरी आहे, तिथं फिरायला जाणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल. पण २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांना गाऊट आधीच आहे त्यांचा झटका वाइननंही उसळतो असं दिसलं. आणि या ऊसपट्ट्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची : साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो मोडतानाही युरिक अॅसिड तयार होतं. तेव्हा दारूत कोल्ड्रिंक मिसळून घेणाऱ्याला दोन्हीकडून भर पडते.

आता शिरूरला येऊ. घोडनदीकाठचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची छावणी होतं. १८०९ मध्ये इथं वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला गावकरी सत्पुरुष म्हणून मानू लागले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगाव भीमाकडे निघाली तीही इथूनच. त्या काळात कंपनीच्या गोऱ्या शिपायाला रोजच्या शिध्यात दारू मिळे, कधी अर्राक, कधी रम. अधिकाऱ्यांच्या मेजावर मदेरा आणि पोर्ट. दुखण्यांच्या नावांचीही अशीच वाटणी होती. साहेबाचा सांधा सुजला तर तो गाऊट, शिपायाचा सुजला तर ऱ्हुमॅटिझम.

रम उसाच्या मळीची. या रमनं हातपाय लुळे पाडल्याची एक जुनी, मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतली रम पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत आणि मग हातापायांतली ताकद जाई. संशय भट्टीच्या शिशाच्या तोट्यांवर आणि नळ्यांवर गेला आणि १७२३ मध्ये तिथल्या विधिमंडळानं दारू गाळायला शिसं वापरण्यावर कायद्यानं बंदी घातली. लहानपणी कानावर पडलेली ही गोष्ट बेंजामिन फ्रँकलिन म्हातारपणीही सांगत असे. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरनं इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या सायडर पिणाऱ्यांच्या कळांचं मूळ शिशातच असल्याचं दाखवलं. जमैकातल्या गोऱ्या पलटणींना होणारी ‘कोरडी पोटदुखी’ही नव्या रममधल्या शिशाचीच, असं तिथं नोकरी केलेला लष्करी डॉक्टर जॉन हंटर सांगत होता. शिसं मूत्रपिंडं बिघडवतं, बिघडलेली मूत्रपिंडं युरिक अॅसिड धरून ठेवतात आणि मग गाऊट होतो. म्हणजे लॉर्ड लोकांच्या गाऊटमध्येही शिशाचा वाटा असणार, कारण त्यांच्या पोर्टमध्ये शिसं सापडलेलं आहे.

हे फार जुनं वाटत असेल तर १९६० च्या दशकातलं अलाबामा बघा. तिथं चोरून दारू गाळणारे वाफ थंड करायला मोटारीचे जुने रेडिएटर वापरत. रेडिएटरचे जोड शिशाच्या डागाचे. ती दारू पिणाऱ्यांत गाऊटचे रोगी सापडू लागले आणि ते कुणी लॉर्ड नव्हते.

आपल्याकडच्या हातभट्टीचा पाया गूळ. दौंडच्या राहू बेटात आणि केडगाव भागात गुऱ्हाळं आहेत, त्यामुळे गुळाला तोटा नाही. गूळ आणि नवसागर पाण्यात टाकून बॅरलमध्ये कुजत ठेवतात. पोलिसांच्या बातम्यांत ज्याला ‘रसायन’ म्हणतात ते हेच. ते उकळून वाफ थंड केली की झाली दारू. बातमीत किती लिटर रसायन ओतून दिलं याचा आकडा असतो. वाफ कुठल्या धातूच्या नळीतून गेली, जोड कशाचे होते, हे त्यात कधी नसतं. विषारी दारूची चर्चा आपल्याकडे फक्त मेलेल्यांच्या संख्येनं होते. मालवणीत २०१५ मध्ये मिथेनॉलनं शंभराहून अधिक माणसं गेली म्हणून ते लक्षात राहिलं. सांध्यात आणि मूत्रपिंडात हळूहळू मुरणारं विष मथळ्यात येत नाही.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जवळचा वाटतो तो बोस्टनचा डॉक्टर जेम्स जॅक्सन. १८२२ मध्ये त्यानं कडक दारू पिणाऱ्यांच्या एका विशिष्ट रोगावर निबंध लिहिला आणि त्याला लॅटिन नाव दिलं. त्याचा अर्थ होतो ‘पिण्यानं होणारी सांधेदुखी’. पायांत, बोटांत चमका, मग हातांतही, कातडी तुकतुकीत आणि हळूहळू ताकद जाते. वर्णन अचूक आहे, नाव मात्र चुकलं. दुखत होत्या त्या नसा. रोगी सांध्याकडे बोट दाखवत होता म्हणून डॉक्टरनं सांध्याचं नाव लिहिलं. शिरूरच्या दवाखान्यात ‘गुडघ्याखाली सगळं दुखतं’ म्हणणारा माणूस हेच सांगत असतो.

नसा का बिघडतात याचं उत्तर भाताच्या कोंड्यात मिळालं. जावा बेटावर आइकमननं सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. पुढे त्यातून ब-१ जीवनसत्त्व सापडलं. पिणाऱ्याच्या नसाही याच कमतरतेनं बिघडतात का? मॉरिस स्ट्रॉस या अमेरिकी डॉक्टरनं १९३५ मध्ये जरा धाडसीच प्रयोग केला. रोग्यांना रोजची व्हिस्की चालू ठेवली आणि सोबत सकस जेवण व ब जीवनसत्त्व दिलं. ते सुधारले. दारू स्वतःही नसांना जाळते हे नंतर कळलं, पण उपाशी पिणं हे त्या दुखण्याचं मोठं कारण, ही गोष्ट टिकली. हे दोन्ही तालुके मुळात बाजरीचे. भाकरीत ब-१ भरपूर असतं. पण चपटी घेतल्यावर ती भाकरी टोपल्यातच राहते. चकण्याच्या शेंगदाण्यांवर रात्र निघते.

पोटरीच्या गोळ्यांचं थोडक्यात सांगतो : जास्त प्यायल्यानं स्नायू सरळ इजा पावतात, शिवाय लघवीवाटे पाणी आणि क्षार जातात. मांडी घालता न येणाऱ्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हाड आतून मरतं आणि शेवटी ढासळतं. सुरुवातीला दुखतं ते जांघेत, कधी कधी नुसतं गुडघ्यात. साध्या एक्सरेत तेव्हा काही दिसत नाही, एमआरआयत दिसतं. दुसरं मोठं कारण स्टेरॉइड. म्हणजे अंगदुखीवर दारू आणि दारूच्या दुखण्यावर कुठलं ते न विचारता घेतलेलं इंजेक्शन, हे दोन्ही एकाच हाडावर येऊन पडू शकतं.

दारू हे औषध आहे ही समजूत फक्त गावातली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिण्यासाठी परवाने ठेवले, त्यांत ‘हेल्थ परमिट’ होतं. प्रकृतीसाठी दारू हवी असं ठरलं की सरकारच परवाना देई. मद्यार्क असलेल्या औषधांवरचे निर्बंध १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बालसारा खटल्यात रद्द ठरवले, आणि ते योग्यच होतं. वातावरचं आपलं दशमूलारिष्टसुद्धा आंबवूनच होतं. साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली, मळीच्या मद्यार्काची देशी दारू दुकानात आली, परवान्याची अट कागदावर राहिली. प्रकृतीचं कारण मात्र लोकांच्या तोंडी तसंच राहिलं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बीड-नगरकडून या भागात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते आणि ती टनावारी फेडायची. गाऊटचा झटका उपचाराविना आठवडा-दोन आठवडे चालतो. चरकाच्या आढ्य माणसाला तेवढे दिवस अंथरुणावर पडता येत होतं. फडात एक दिवस आलं नाही तर त्याला खाडा म्हणतात आणि तो हिशोबातून कापला जातो. म्हणून सुजलेला अंगठा फडक्यात बांधून पहाटे चारला माणूस फडात उभा असतो. दुखणं दाबायला काय घेतलंय, हे मुकादम वासावरून ओळखतो आणि गाडी भरायला लावतो.