रस्त्यावरची अक्षरे : फलकविद्येच्या अभ्यासाची प्रस्तावना

डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी श्री सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या प्रवेशद्वाराशी एक शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, या दिवशी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामास प्रारंभ झाला, एवढाच त्याचा मजकूर. इंग्रजी कालगणनेने ते साल १६६८. इतिहासाचे अभ्यासक हा लेख गोव्याच्या आणि शिवकालाच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचतात, आणि ते योग्यच आहे. फलकविद्येचा विद्यार्थी त्याच लेखाला आणखी तीन प्रश्न विचारील : तो कुठे बसवला, किती शब्दांत आटोपला आणि कशावर कोरला? जो तो जिथून आत शिरतो तिथे तो बसवला. कोणी, केव्हा, काय केले, एवढे सांगून तो थांबला. आणि साडेतीनशे पावसाळे सोसणाऱ्या दगडावर तो कोरला. जागा, मजकूर आणि माध्यम या तिन्हींचा मेळ जमला की फलक उभा राहतो. किराणा दुकानाची पाटी, हॉटेलचा ग्लो साइन बोर्ड, कारखान्याच्या गेटवरची सुरक्षा-सूचना, मोपा विमानतळाच्या वाटेवरचे होर्डिंग, सर्वांना हाच नियम लागू आहे.

व्यवसायांसाठी मागणीनुसार होणारी मोठ्या आकाराची छपाई आणि फलकनिर्मिती हा धंदा म्हणून प्रत्येक बाजारपेठेत दिसतो. अभ्यासाचा विषय म्हणून मात्र त्याच्याकडे अजून पुरेशा आदराने पाहिले जात नाही. या प्रस्तावनेचे म्हणणे थोडक्यात असे : फलकाचे पैसे मालक देतो, पण फलक असतो तो वाटसरूसाठी. अक्षराचा आकार, रंग, लोखंडी सांगाडा, कायदा, भाषा, या विषयाच्या साऱ्या शाखा त्या अनोळखी वाचकापाशी येऊन मिळतात. त्याला केंद्रस्थानी ठेवून पाहिले की विखुरलेली कारागिरी शास्त्र होऊ लागते. या शास्त्रात पेंटर, डिझायनर, दुकानदार, अभियंता, भाषेचा विद्यार्थी, सगळ्यांना जागा आहे आणि सगळ्यांचे स्वागत आहे.

गोव्यातून या विषयाकडे पाहण्याला खास कारण आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. मराठी मजकूर मराठी अक्षरांत छापावा अशी त्यांची इच्छा होती. अडचण ठशांची होती, कारण देवनागरीला शेकडो ठसे ओतावे लागत. देवनागरी आणि यंत्र यांच्यातला हा झगडा पुढे मुंबईत सुटत गेला. आधी शिळाछापाने, मग निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या सुबक टायपाने. मोठ्या आकाराची अक्षरे आणि चित्रे मात्र दीर्घकाळ हातानेच होत राहिली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे आले. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि या कामाला शिक्षणाची चौकट मिळाली. पणजीतल्या गोवा कला महाविद्यालयातही आज उपयोजित कला शिकवली जाते.

हाताने पाटी रंगवणाऱ्या पेंटरची पद्धत अभ्यासकाने नीट समजून घ्यावी. तो आधी सुतळीला खडूची पूड लावी, दोन्ही टोके ताणून पत्र्यावर एक फटका मारी, आणि शिरोरेषेची सरळ रेघ उमटे. मग खडूने अक्षरांचा अंदाज घेई. वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला किती जागा सोडायची हे त्याच्या हाताला ठाऊक असे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात उतरले नाही, आणि संगणक आला तेव्हा तेच आधी हरवले. नार्वे गावाच्याच नावात याचा दाखला आहे. शेवटच्या अक्षरावर मात्रा आणि रफार एकाच जागी दाटीने बसतात. अक्षर बारीक असले, टाइप जाड असला किंवा छपाईची शाई पसरली की दोन्ही मिळून एक ठिपका होतो आणि दुरून गावाचे नाव ‘नावे’ असे वाचले जाते. इंग्रजी अक्षरे जेवढ्या पट्टीत सुखाने बसतात तेवढ्याच पट्टीत देवनागरी बसवली तर वरच्या-खालच्या चिन्हांसाठी मूळ अक्षर आक्रसते. म्हणून द्विभाषी फलकावर देवनागरीला उंची जास्त द्यावी लागते.

संगणकाने आणखी एक पेच उभा केला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षरे तुटत, ऱ्हस्व वेलांटी आपली जागा सोडून पुढच्या अक्षराकडे सरके. त्यामुळे कित्येक वर्षे डिझायनर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर विसंबून राहिले. आजची सॉफ्टवेअरे हे काम बरोबर करतात. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने संगणकासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला; मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला. तरीही फाइल छपाईला देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह्ज (फॉन्टवर न विसंबणाऱ्या बाह्यरेषा) करून घ्यावेत आणि मग मजकूर मोठ्याने वाचावा, हा नियम पाळावाच. वीस फुटी फलकावर छापलेली शुद्धलेखनाची चूक झाकता येत नाही.

आता यंत्राकडे वळू. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी चढवलेला पीव्हीसीचा थर. सॉल्व्हंट शाईचे मशीन दहा फूट रुंदीचा पट्टा एका वेळी छापू शकते. त्याहून मोठा फलक पट्टे जोडून होतो. दुकानाच्या काचेला व्हिनाइल, आतल्या भिंतीला सनबोर्ड, दर्शनी भागाला एसीपीवर (अ‍ॅल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्यावर) अ‍ॅक्रिलिकची उठावदार अक्षरे आणि आत एलईडी, अशी प्रत्येक जागेची वेगळी निवड असते. ग्राहक बहुधा विचारतो, ‘क्वालिटी किती डीपीआय?’, म्हणजे इंचामागे किती ठिपके. खरा प्रश्न अंतराचा असतो. माणसाच्या निरोगी डोळ्याला तीस मीटरवरून सुमारे नऊ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. म्हणून हातात धरायच्या कार्डाला लागणारी सूक्ष्मता होर्डिंगला लागत नाही. तिथे पैसे अक्षरांच्या आकारावर आणि सांगाड्यावर खर्च करावेत.

अक्षराच्या उंचीचा ढोबळ हिशेब असा की दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंची हवी. पेडण्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ताशी साठ किलोमीटरने गाडी जात असेल, तर ती एका सेकंदात सुमारे सतरा मीटर कापते. वाचून निर्णय घ्यायला चार सेकंद धरले तर फलक सदुसष्ट मीटरवरून, म्हणजे जवळपास दोनशे वीस फुटांवरून वाचता आला पाहिजे. अक्षर बावीस इंचांचे झाले. या हिशेबात नाव, एक ओळ आणि बाण एवढेच मावते. दहा सेवा, चार फोन नंबर आणि मालकाचा फोटो मावत नाही.

गोव्याचे हवामान हा या विद्येतला कठोर परीक्षक आहे. एप्रिल-मेच्या उन्हात किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. म्हणून लाल पाटी लवकर फिकट पडते आणि रंगीत चित्र निळसर दिसू लागते. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. आणि वारा? ताशी शंभर किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला तर एका चौरस मीटरवर साधारण सत्तेचाळीस किलोचा दाब येतो. वीस बाय दहा फुटांच्या फलकावर तो पावणेनऊशे किलोच्या आसपास जातो. हा हिशेब न करता उभारलेला सांगाडा माणसांच्या जिवावर उठतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि सतरा जणांचा जीव गेला. मुंबईत परवानगी चाळीस बाय चाळीसपर्यंतचीच होती. सांगाड्याची मजबुती हा कोटेशनमधला काटछाट करायचा भाग नाही, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी शिकावे.

कायदा आणि पर्यावरण हेही अभ्यासाचे विषय आहेत. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्सचाही प्रश्न सुटलेला नाही, कारण जाळी आणि पीव्हीसी एकमेकांना इतके चिकटलेले असतात की पुनर्वापर अवघड होतो. पावसाळ्यात लाकडांवर किंवा शेडवर जुना फ्लेक्स घालणे ही आपल्याकडची घरोघरची सोय. ती कचरा लांबवते, संपवत नाही. चार दिवसांच्या कार्यक्रमासाठी कापडी फलक आणि दहा वर्षांच्या दुकानासाठी टिकाऊ पाटी, अशी मुदतीनुसार निवड करणे हाच आज हाताशी असलेला उपाय आहे.

भाषेचा प्रश्नही फलकावर रोज सोडवला जातो. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही स्थान मिळाले. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतली मराठी ठळक असणे कायद्याने बंधनकारक आहे. डिचोलीच्या बाजारात एका रांगेत कोकणी, मराठी, इंग्रजी फलक दिसतात. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजू फरशा पोर्तुगीज काळाची आठवण देतात. कोणता दुकानदार कोणती लिपी वर ठेवतो आणि कोणत्या गिऱ्हाइकासाठी, याचा अभ्यास म्हणजे गावाच्या बदलत्या अर्थकारणाचा अभ्यास. २०२३ च्या जानेवारीत पेडणे तालुक्यातल्या मोपाहून विमाने उडू लागली. त्यानंतर पेडण्याच्या रस्त्यांवरचे फलक कसे बदलले, हा एखाद्या विद्यार्थ्याने उचलावा असा विषय आहे.

या विषयाची साधने ग्रंथालयात फारशी नाहीत, ती भिंतींवर आहेत आणि दरवर्षी उतरवली जातात. म्हणून वाचकाला एक विनंती. आपल्या गावातल्या पाट्यांचे फोटो काढा. प्रत्येकाखाली तारीख, जागा, आकार, माध्यम, लिपी लिहा. जुन्या पेंटरकडे जाऊन त्याने कोणत्या पाट्या रंगवल्या ते त्याच्या संमतीने नोंदवा. नव्या फलकाचे काम घेणाऱ्यांनी अंतिम छपाईआधी एक नमुना-प्रत भिंतीवर उभी लावून तिथून वीस-तीस पावले मागे जावे आणि अनोळखी माणसाला वाचायला सांगावे. त्याला वाचता आले तर पुढचे काम सुरू करावे.