५ डिसेंबर : संगीतकार ओस्वाल्दो गोलिहोव यांचा जन्म (१९६०)

अर्जेंटिनातील ला प्लाता शहरात, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात गोलिहोव जन्मले. आई पियानो शिकवायची. सिनेगॉगमधल्या प्रार्थना, ज्यू लग्नकार्यात वाजणारे क्लेझ्मर संगीत आणि संगीतकार पियाझोलाचा टँगो, सगळेच लहानपणी कानावर पडले. पुढे ते इस्रायलला आणि १९८६ मध्ये अमेरिकेला गेले.

त्यांची गाजलेली रचना १९९४ ची, ‘द ड्रीम्स अँड प्रेअर्स ऑफ आयझॅक द ब्लाइंड’. वाद्ये पाचच : दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि क्लॅरिनेट. आयझॅक हे बाराव्या-तेराव्या शतकात फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातले अंध ज्यू गूढवादी. हिब्रू अक्षरांच्या जुळणीतून सारे विश्व घडले, असे ते मानत. रचनेच्या सुरुवातीला चारही तंतुवाद्यांचा नाद अकॉर्डियनच्या भात्यासारखा फुगतो, ओसरतो. मग क्लॅरिनेट शिरते, हुंदके देते, खिदळते, किंचाळतेसुद्धा. वादकाला मध्येच वाद्य बदलून खर्जातले बास क्लॅरिनेटही हाती घ्यावे लागते, म्हणजे दमसासाची परीक्षाच. क्लॅरिनेटवादक डेव्हिड क्राकाउअर आणि क्रोनोस क्वार्टेट हा तंतुवाद्य चमू यांनी केलेले या रचनेचे ध्वनिमुद्रण १९९७ मध्ये आले.

योगायोग असा की, याच वाद्यमेळासाठी १७८९ मध्ये अजरामर पंचक रचणारा मोझार्ट वारला तोही ५ डिसेंबरलाच, १७९१ साली. दोन्ही रचना लागोपाठ ऐका, आधी मोझार्ट.