जोड कुठे आहे?

आमच्या पुण्यातल्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर आजी-आजोबांचा एक कृष्णधवल फोटो होता. दोघं शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसलेले. मी सातवीत असताना दिवाळीच्या साफसफाईत तो पुसायला खाली काढला आणि काहीतरी चमत्कारिक वाटलं. आजीच्या नाकाची सावली डाव्या गालावर पडली होती, आजोबांच्या नाकाची उजव्या. एकाच खोलीत, एकाच वेळी असं कसं होईल? आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, आमचा दोघांचा मिळून फोटो कधी निघालाच नाही. हे गेल्यावर फोटोवाल्याकडून जोडून घेतला."

आजीला जोड ठाऊक होती, त्यामुळे तिची फसवणूक झाली नव्हती. पण मी तो फोटो 'दोघं एकत्र बसले होते' याचा पुरावा समजत होतो. फोटो एकच, पण तिच्यासाठी ती आठवण होती आणि माझ्यासाठी चुकीची माहिती. हा फरक कशामुळे पडतो, ते जोडचित्रांच्या इतिहासातून पाहू.

वेगवेगळ्या छायाचित्रांचे भाग जुळवून केलेल्या चित्राला फोटोमोंताज म्हणतात. 'मोंताज' हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ जुळणी. ही करामत संगणकानं आणली असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ती संगणकाहून जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे.

आकाश आणि समुद्र

गंमत अशी, की छायाचित्रं जोडण्याची गरज पहिल्यांदा पडली ती खोटं सांगण्यासाठी नव्हे, तर खरं दाखवता येत नव्हतं म्हणून. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानं ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर चिकट कलोडियनचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. या थरावर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई, हिरव्याचा थोडा, तांबड्याचा जवळजवळ नाहीच. त्यामुळे झाडं, घरं नीट उमटेपर्यंत निळं आकाश प्रमाणाबाहेर उमटून जाई. कागदावर ते कोरं, पांढरंफटक दिसे. ढगांचा मागमूस नाही.

१८५६-५७च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानं यावर तोड काढली. समुद्राची एक काच, आकाशाची दुसरी. एकीवरून छापताना कागदाचा उरलेला भाग झाकायचा, मग दुसरी छापायची. दोन्हींची जोड क्षितिजाच्या रेषेवर, म्हणजे दिसणारच नाही अशा जागी. १८५७ साली ऑस्कर रेलँडर यानं इंग्लंडमध्ये तीसहून अधिक काचा वापरून एक मोठं चित्र जुळवलं. विषय होता आयुष्याच्या दोन वाटा, एक सदाचाराची आणि एक चैनीची. राणी व्हिक्टोरियानं त्याची प्रत विकत घेतली. अशा चित्राला कला म्हणायचं की लबाडी, यावर मात्र मोठा वाद झाला.

मुंबईतली माणसं

हे सगळं आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी संबंधित विल्यम जॉन्सन यानं १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांचं एक पुस्तक काढलं: 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींची छायाचित्रं आणि त्यांची वर्णनं, असं त्याचं स्वरूप. भाटिया, नागर ब्राह्मण, वल्लभाचार्य पंथाचे महाराज असे अनेक समूह त्यात आहेत.

ही छायाचित्रं शांतपणे पाहावीत. माणसं एका ठिकाणी बसवून किंवा उभी करून टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचा देखावा बऱ्याचदा दुसऱ्याच छायाचित्रातला आहे. दोन्ही जुळवून एक चित्र बनवलेलं आहे. तेव्हा प्रकाशन बराच वेळ द्यावं लागे. त्यामुळे उघड्यावर माणसांचा घोळका स्थिर ठेवणं अवघडच. म्हणजे इथेही तांत्रिक अडचण होतीच.

पण ल ग्रेचा समुद्र आणि जॉन्सनची माणसं यांत एक मोठा फरक आहे. समुद्राचं चित्र लोक 'सुंदर' म्हणून पाहत. जॉन्सनचं पुस्तक 'माहिती' म्हणून वाचलं जात होतं. अमुक जातीचे लोक असे दिसतात, असे वागतात, अशा ठिकाणी राहतात, हे राज्यकर्त्या समाजाला छायाचित्राच्या साक्षीनं सांगितलं जात होतं. त्या माणसांना कुणी बसवलं, कसं बसवलं, मागचं देऊळ किंवा झाड कुठून आणलं, हे पाहणाऱ्याला कळत नसे. हीच छायाचित्रं आजही अभ्यासकांना लागतात. त्यातले कपडे, दागिने, चेहरे खरे आहेत. पण माणूस आणि त्याच्या मागची जागा यांचं नातं जुळवलेलं आहे. पुरावा म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे जोड ओळखता आली तरच ठरवता येतं.

फाळक्यांची जादू

मुंबईतल्या या पुस्तकानंतर सुमारे पन्नास वर्षांनी एका मराठी माणसानं हीच युक्ती हलत्या चित्रांत आणली. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्याला फोटोचा धंदा केला, छपाईच्या व्यवसायात पडले आणि जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' असं नाव घेतलं होतं. रसायनं, छपाई आणि हातचलाखी या तिन्हींचं शिक्षण त्यांना पुढे उपयोगी पडलं.

१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून टिपून एक छोटी फिल्म केली होती. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात दिसे. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या.

दोन दृश्यं एकाच फिल्मवर घेण्याचं तत्त्व साधं आहे. काळ्या मखमलीवरून प्रकाश जवळजवळ परावर्तित होत नाही. त्यामुळे काळ्या पडद्यासमोर नट उभा केला, की फिल्मवर फक्त नट उमटतो. बाकीची फिल्म कोरीच राहते. मग फिल्म मागे गुंडाळून त्याच फिल्मवर दुसरं दृश्य घ्यायचं. हवेत तरंगणारं मुंडकं, अचानक प्रकट होणारा देव, असे चमत्कार अशा युक्त्यांनी होत. पुढे पुण्यात प्रभात कंपनीनं 'संत तुकाराम' (१९३६) काढला. त्यात तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान पडद्यावर आलं, तेही छायाचित्रणाच्या करामतीनंच.

मग फाळक्यांनी लोकांना फसवलं का? 'कालिया मर्दन' (१९१९) पाहिला तर उत्तर मिळतं. त्यात कृष्णाचं काम त्यांच्या लहानग्या मुलीनं, मंदाकिनीनं केलं होतं. कथा सुरू होण्याआधीच ती मुलगी चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवताना दिसते. म्हणजे ही मुलगी आहे, ती आता कृष्ण होणार आहे, हे फाळके प्रेक्षकाला आधी सांगतात. शिवाय चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारी एक फिल्मही त्यांनी काढली होती. जादूगारानं आपली पेटी उघडून दाखवावी, तसंच हे. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं फाळक्यांच्या फिल्मचे उरलेले भाग जतन केले, म्हणून आज आपण हे बोलू शकतो.

कागदाच्या पऱ्या

'लंकादहन'च्याच वर्षी, १९१७ साली, इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांच्या एल्सी राइट आणि नऊ वर्षांच्या फ्रान्सिस ग्रिफिथ्स या बहिणींनी 'पऱ्यांचे' फोटो काढले. एका जाणकारानं काच तपासून सांगितलं, की तिच्यावर जोडकाम नाही. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी १९२०च्या डिसेंबरात एका मासिकात त्या पऱ्या खऱ्या म्हणून प्रसिद्ध केल्या. १९८३ साली म्हाताऱ्या झालेल्या बहिणींनी कबूल केलं, की पऱ्या कागदावर काढून, कापून, टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या.

इथे विज्ञानाच्या शिक्षकानं थांबायला हवं. काच तपासणारा चुकला नव्हता! काचेवर खरंच जोड नव्हती. जोड कॅमेऱ्यासमोर होती. 'काच खरी आहे का?' हा प्रश्न विचारला गेला. 'समोरची वस्तू खरी आहे का?' हा राहून गेला.

वर्गात करून पाहू

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना ह्योख, जॉन हार्टफील्ड अशा कलावंतांनी जोड लपवणंच सोडून दिलं. वर्तमानपत्रांतले तुकडे कापून, मुद्दाम विजोड चिकटवून त्यांनी सत्ताधाऱ्यांची टर उडवली. मुलांबरोबर करण्यासारखं आहे ते हेच काम. साहित्य फक्त जुनी मासिकं, कात्री आणि खळ.

वर्गाला एक विषय द्या, उदाहरणार्थ 'पर्वतीच्या पायथ्याशी समुद्र' किंवा 'शनिवारवाड्यात डायनोसॉर'. दोन-दोन मुलांच्या जोड्यांनी चित्र जुळवावं. एक चित्र मुद्दाम उघड जोडाचं, एक जोड शक्य तितकी लपवलेलं. मग चित्रं अदलाबदल करून जोड शोधायची. सावल्या एकाच दिशेला आहेत का? डोळ्यांची पातळी आणि क्षितिज जुळतात का? लांबची वस्तू जवळच्या वस्तूइतकीच स्पष्ट आहे का? आकारांचं प्रमाण बरोबर आहे का? प्रकाश सरळ रेषेत जातो, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे कामाला येतं. क्रमांक काढू नका. ज्यांची जोड कुणालाच सापडली नाही, त्यांनी ती सगळ्यांना दाखवावी, एवढाच नियम.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. आज संगणकाच्या मदतीनं, कात्री न लावताच, कधी न घडलेल्या प्रसंगाचं चित्र तयार होतं. त्यात सावल्याही बरोबर पडू शकतात. डोळ्यांची परीक्षा तिथे पुरत नाही. मग काच तपासणाऱ्याकडून राहिलेले प्रश्न विचारावे लागतात: हे कुणी काढलं? कुठे? केव्हा? मूळ प्रत कुणाकडे आहे? आणि ते मला का दाखवलं जात आहे?

आजीचा फोटो आता माझ्याकडे आहे. मुलांना दाखवताना मी तो उलटा करून मागची बाजूही दाखवतो. तिथे पेन्सिलीनं मी लिहून ठेवलं आहे: दोन फोटो जोडून केलेला.