समान पुस्तके, असमान शिक्षण

परभाषेतून शिकणाऱ्या मुलाला न्याय कशाने मिळतो, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत इंग्रजी न जाणणारी सुमारे २,८०० चिनी वंशाची मुले होती. त्यांपैकी सुमारे १,००० मुलांनाच इंग्रजीचे जादा शिक्षण मिळे. उरलेल्या १,८०० मुलांची काहीच सोय नव्हती. सर्वांना पुस्तके व शिक्षक सारखेच असल्याने खालच्या न्यायालयांना यात अन्याय दिसला नाही.

२१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेतला. शिकविण्याची भाषाच ज्याला कळत नाही, त्याच्या हाती इतरांसारखीच पुस्तके दिल्याने समता साधत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. इंग्रजी शिकवावे की चिनी भाषेतून शिकवावे, हे मात्र न्यायालयाने ठरवून दिले नाही.

हा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. १९५६ साली आपल्या राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असे ते सांगते. बदलीच्या नोकरीत परप्रांती संसार थाटलेल्या आम्हां मंडळींना त्याचे मोल ठाऊक आहे. आमच्या मुलांनी स्थानिक भाषा व इंग्रजी उत्तम शिकावी. त्यासाठी घरची मराठी टाकण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. हाच न्याय आमच्या वसाहतीत राबणाऱ्या परभाषिक मजुराच्या मुलालाही मिळावा, एवढी जाण मंडळाने पुढील वाटचालीत ठेवावी, अशी आमची विनंती आहे.