सालबर्डीचा एकांत

भातकुलीच्या आसपास डोंगर नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा काळ्या, सपाट जमिनीचा. डोंगर गाठायचा तर उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जावे लागते, आणि वऱ्हाडातला भाविक तसा शतकानुशतके जात आला आहे. ज्या जैन परंपरेचे आदिनाथाचे क्षेत्र भातकुलीत आहे, तिचे यात्रेकरू मुक्तागिरी चढतात. शिवभक्त महाशिवरात्रीला मोर्शी तालुक्यातील सालबर्डीच्या गुहेतल्या महादेवाकडे जातात. याच सालबर्डीच्या डोंगरात मराठी गद्याच्या इतिहासातील एक मौन दडलेले आहे.

महानुभाव परंपरेनुसार गुजरातेतून निघालेले चक्रधर रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटले, त्यांच्याकडून ज्ञानशक्ती स्वीकारली आणि नंतर बारा वर्षे सालबर्डीच्या डोंगरात एकटे राहिले. लोकांना काही सांगण्याआधीचा हा काळ. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास रिद्धपूरला सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त शिष्यपरिवार जमण्यापूर्वीच्या या पर्वाला 'एकांक' असे नाव आहे.

'लीळाचरित्र' हा साक्षीदारांचा ग्रंथ आहे. प्रसंग कोठे घडला, समोर कोण होते, कोण काय बोलले, याची म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून चौकशी केली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली, तेव्हा अनुयायांनी आठवणींतून ती पुन्हा उभी केली आणि आठवणींतील फरक 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले. अशा ग्रंथापुढे एकांत ही मोठीच अडचण होती. तेथे साक्षीदारच नव्हता. स्वामींनी नंतर शिष्यांना जे सांगितले तेवढाच आधार. म्हणून बारा वर्षांच्या मानाने सालबर्डीविषयीचा मजकूर अगदी थोडा आहे.

ही उणीव नव्हे, असे मला वाटते. तपश्चर्येची वर्णने रचणे पुराणपरंपरेत वाढलेल्या विद्वानाला अवघड नव्हते. म्हाइंभट स्वतः व्युत्पन्न पंडित होते. तरीही ती पोकळी त्यांनी अलंकारांनी भरली नाही. श्रद्धेच्या ग्रंथात आढळणारा हा संयम आपण पुरेसा लक्षात घेत नाही. वर्गात 'लीळाचरित्र' शिकवताना आपण संवादांची सजीवता, वऱ्हाडी वळणाचे शब्द, छोटी वाक्ये यांवर बोलतो. जे लिहिले गेले नाही त्यावर क्वचितच.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चक्रधर डोंगरावरून खाली उतरले. पुढील निरूपण त्यांनी पैठणला, गोदाकाठी, माणसांच्या गर्दीत, लोकांच्या मराठीत केले. शिष्यांना त्यांनी सालबर्डीला जाऊन बसण्यास सांगितले नाही. अटन, विजन, भिक्षा हा आचार दिला. म्हणजे एकांत डोंगरापासून सोडवून चालत्या माणसाच्या दिनक्रमात आणला. आत्मचिंतनाला विशिष्ट शिखर लागत नाही, हे त्यातून आपोआप सिद्ध झाले. भातकुलीसारख्या सपाट गावालाही मग विजन दुर्मीळ राहिले नाही.

आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे 'लीळाचरित्रा'चा शब्दन् शब्द अभ्यासला जाईल, जावाही. पण त्या शब्दांच्या आधी बारा वर्षांचे न बोलणे आहे, याची आठवण उत्तरेचा तो डोंगर अभ्यासकांना देत राहो.